सुळेवाल्या मांजरांची भावकी

मागच्या अंकात बिबट्याच्या कवटीचा फोटो दिला होता आणि खाली जाता जाता एक ओळ लिहिली होती की याच्या सुळ्यांपेक्षा कितीतरी लांब सुळ्यांची मांजरं एकेकाळी पृथ्वीवर फिरत होती. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की हा महिना सगळा त्यांनाच देतोय. बहुतेक पत्रं आपल्या कोकणपट्टीतलीच आहेत, वेंगुर्ल्यापासून गुहागर-दापोलीपर्यंत, आणि मला याचा मनापासून आनंद झालाय, कारण बिबट्या परसात येऊन कुत्रं उचलून नेतो तिथल्या माणसांना या जनावरांबद्दल वाटणारं कुतूहल हे नुसतं पुस्तकी नसतं.

प्रश्न : सेबरटूथ टायगर हा वाघाचा पूर्वज आणि त्याचाच पुढे आपला पट्टेरी वाघ झाला असं मुलाच्या पुस्तकात वाचलं. मग ते सुळे हळूहळू आखूड होत गेले का?
— एक आंबा बागायतदार, देवगड

नाही हो भाऊ, तसं झालेलं नाही. "टायगर" या नावानेच सगळा घोळ केलाय. तो वाघ नव्हता आणि वाघाचा आजोबा-पणजोबाही नव्हता.

असं बघा, तुमच्या गावात कितीतरी पिढ्यांमागे दोन भाऊ वेगळे झाले, एकाचं घर वरच्या वाडीत, एकाचं खालच्या वाडीत. पुढे खालच्या वाडीतल्या घराला कायमचं कुलूप लागलं, वंश संपला. म्हणून खालच्या वाडीतला माणूस वरच्या वाडीवाल्यांचा पूर्वज होतो का? तो लांबचा चुलत. सेबरटूथ मांजरांचं नेमकं हेच आहे. थंड प्रदेशातल्या गुहा आणि गोठलेली जमीन इथे सापडलेल्या हाडांमधून डीएनए काढता आला आणि त्यावरून कळलं की त्यांची शाखा आजच्या मांजरांपासून दोन कोटी वर्षांच्या आसपास वेगळी झाली. आणि आज जिवंत असलेली सगळी मांजरं, म्हणजे वाघ, सिंह, बिबट्या, वाघाटी, आणि तुमच्या ओट्याखाली माशाच्या काट्याची वाट बघत बसलेली मनी, या सगळ्यांचा सामायिक पूर्वज साधारण एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे वाघाला घरातली मनी जवळची आणि सेबरटूथ लांबचा! मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ आमच्या मांजराकडे बघत बसलो होतो.

तेव्हा सुळे आखूड वगैरे काही झाले नाहीत. वाघाच्या घराण्यात ते तेवढे लांब कधी नव्हतेच.

तुमच्या मुलाच्या पुस्तकाला फार दोषही देऊ नका, भल्याभल्यांना हा प्राणी ओळखता आला नव्हता. इटलीत मिळालेले असे चपटे सुळे बघून फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२४ मध्ये त्याला चक्क अस्वल ठरवलं. जर्मनीत योहान काउप यांनी १८३३ साली ते अस्वल नव्हे हे ओळखून मॅकायरोडस असं नाव दिलं, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सुऱ्यासारखे दात असलेला. आणि ब्राझीलमधल्या लागोआ सांता इथल्या गुहांमध्ये हाडं शोधणाऱ्या पीटर लुंड यांना आधी वाटलं की हा तरस आहे, मग जास्त हाडं हाती आल्यावर १८४२ मध्ये त्यांनी त्याला स्मायलोडॉन म्हटलं. आज जगभर जो "सेबरटूथ" म्हणून चित्रात दिसतो तो हाच. मराठीत खड्गदंती असा छान शब्द आहे पण मी इथे सुळेवाली मांजरंच म्हणणार आहे, बोलताना तेच तोंडात बसतं.

प्रश्न : ही मांजरं सुरू कुठे झाली आणि अमेरिकेपर्यंत पोचली कशी? मधे तर समुद्र आहे. आणि सगळ्या खंडांवर होती का?
— बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, चिपळूण

ताई, तुझा प्रश्न सगळ्यात मोठा आहे त्यामुळे उत्तरही लांबणार, सावकाश वाच.

सुरुवात युरोप-आशियाच्या सलग भूभागावर. दोन कोटी वर्षांच्या आसपास तिथे स्यूडेल्युरस नावाची बेताच्या आकाराची मांजरं होती, झाडावर चढणारी, आणि त्यातल्या एका जातीचे वरचे सुळे किंचित चपटे व्हायला लागले होते. किंचितच. तिथून पुढे खरी गंमत दिसते ती स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या बातायोनेस टेकडीवर, जिथे १९९१ साली चिकणमातीची खाण खणताना हाडांचा खजिनाच लागला. साधारण नव्वद लाख वर्षांपूर्वी तिथे जमिनीत भुयारासारखे खड्डे पडले होते, आत गेलं की वर येता यायचं नाही. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडतो ना, रात्री कशाच्या तरी मागे लागलेला असतो आणि सकाळी पाणी शेंदायला गेलेल्या बाईला खालून गुरगुर ऐकू येते, तसंच ते, फक्त तिथे बाज सोडून वर काढायला वन खात्याची माणसं नव्हती. आत अडकलेल्या जनावराच्या वासाने दुसरा शिकारी उतरायचा, त्याच्या मागून तिसरा, आणि म्हणून त्या खड्ड्यात मांसाहारी प्राण्यांचीच हाडं जास्त. त्यात सिंहाएवढा मॅकायरोडस आहे आणि बिबट्याएवढा प्रोमेगँटेरिऑन आहे.

या हाडांनी एक गोष्ट फार स्वच्छ दाखवली. मॅकायरोडसचे सुळे तेव्हाच लांब आणि चपटे झाले होते, पण कवटीचा बाकीचा बराच भाग अजून साध्या मोठ्या मांजराचा होता, जबडा फार रुंद उघडण्यासाठी जे बदल लागतात ते पुरते झालेच नव्हते. म्हणजे आधी हत्यार बदललं आणि ते चालवायची ताकद, मान, जबड्याची बिजागरी हे मागाहून जुळत गेलं. उत्क्रांतीमध्ये सगळं एकदम घडत नाही हे वर्गात आपण शिकतो पण तिथे ते हाडांत दिसतं, म्हणून मला ही जागा अमेरिकेतल्या ला ब्रिया या डांबराच्या प्रसिद्ध जागेपेक्षाही जास्त आवडते.

पुढे या घराण्याच्या तीन शाखा पसरल्या. एक होमोथेरियमची, सुळे त्या मानाने आखूड पण रुंद आणि कडेला दाते, पाय लांब, पाठ मागे उतरती, लांब पळणारं जनावर. दुसरी मेगँटेरिऑन आणि स्मायलोडॉनची, सुळे लांब आणि सडपातळ, अंग बुटकं आणि दणकट. तिसरी डायनोफेलिसची, सुळे ना धड वाघासारखे ना धड सुऱ्यासारखे, मधलेच. आपल्याकडच्या हत्यारांत सांगायचं तर भात कापायचा दात्यांचा विळा म्हणजे होमोथेरियम आणि लांब पात्याची सुरी म्हणजे स्मायलोडॉन. स्मायलोडॉनच्या कडेलाही दाते असतात पण एवढे बारीक की बोटाला जेमतेम लागतील.

समुद्राचं विचारलंस. आशिया आणि अलास्का यांच्यामधला बेरिंगचा समुद्र उथळ आहे. थंडीच्या काळात पृथ्वीवरचं पाणी बर्फात अडकलं की समुद्राची पातळी खाली जायची आणि तिथे रुंद कोरडी जमीन उघडी पडायची, आपल्याकडे मोठ्या ओहोटीला खाडीतली पुळण उघडी पडते तशी, फक्त हजारो वर्षांसाठी. त्या वाटेने ही मांजरं एकदा नाही, वेगवेगळ्या काळात अनेकदा अमेरिकेत गेली. त्यांच्यासाठी तो काही प्रवास नव्हताच म्हणा, हरणं-घोडे जिकडे सरकले तिकडे पिढ्यान् पिढ्या मागून सरकत गेली.

आफ्रिकेत तर ही मांजरं आपल्या अगदी सुरुवातीच्या पूर्वजांबरोबर राहिली. तिथे साधारण पंधरा लाख वर्षांपूर्वी ती संपली. जॉर्जिया देशात दमानिसीला अठरा लाख वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कवट्या मिळाल्या तिथेच मेगँटेरिऑन आणि होमोथेरियम दोघांचीही हाडं आहेत. जर्मनीत शोनिंगनला, जिथे लाकडी भाले सापडले, तिथे तीन लाख वर्षांपूर्वीचा होमोथेरियम आहे. उत्तर समुद्राच्या तळातून एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात २००० साली होमोथेरियमच्या जबड्याचं हाड वर आलं, वय निघालं सुमारे अठ्ठावीस हजार वर्षं. (आपले ट्रॉलरवाले जाळ्यात काय काय येतं ते सांगत असतात, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं, विचित्र हाड दिसलं तर लगेच पाण्यात परत टाकू नये.)

आता दक्षिण अमेरिका. ती कोट्यवधी वर्षं बेटासारखी एकटी होती. साधारण तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची जमीन वर आली, दोन्ही अमेरिका जोडल्या गेल्या आणि प्राण्यांची जी ये-जा सुरू झाली त्यात स्मायलोडॉन दक्षिणेत उतरला. उत्तरेत त्याची सुरुवात लहान होती, पंचवीस लाख वर्षांपूर्वीची ग्रॅसिलिस ही जात बिबट्या ते जॅग्वारएवढी. मग उत्तरेत फॅटॅलिस झाली, दीडशे ते पावणेतीनशे किलोच्या दरम्यान, आणि दक्षिणेत पॉप्युलेटर, जिचे मोठे नर चारशे किलोपर्यंत जात असावेत असा अंदाज आहे. आपला मोठ्यात मोठा पट्टेरी नर अडीचशेच्या आसपास, यावरून काय ते समज. पॉप्युलेटरचा सुळा मुळासकट २८ सेंटिमीटरपर्यंत. घरात पिकलेलं राजेळी केळं असेल तर हातात घे, लांबी आणि वाक जवळपास तसाच, फक्त केळं गोल असतं आणि हा सुळा दोन्ही बाजूंनी दाबून चपटा केल्यासारखा, आणि त्यातला बराच भाग हिरडीच्या आत.

आणि होमोथेरियम? तोही दक्षिणेत पोचला होता, व्हेनेझुएलात डांबराच्या झऱ्यात त्याची हाडं मिळाली आहेत.

ऑस्ट्रेलियात मात्र नाही. तिथे कुठलीच मांजरं स्वतःच्या पायांनी गेली नाहीत, मधला समुद्र खोल आहे, ओहोटीने तो कधी कोरडा पडलाच नाही.

पण ताई, खरी थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. पनामा जोडलं जायच्या आधी दक्षिण अमेरिकेत एक लांब सुळ्यांचा शिकारी होताच! थायलॅकोस्मिलस त्याचं नाव, १९२६ साली शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या मोहिमेला अर्जेंटिनात सापडला. तो मांजर नाही, कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांच्या नात्यातला. त्याच्या सुळ्यांची मुळं डोळ्यांच्या वरून पार कवटीत मागे गेलेली, सुळे आयुष्यभर वाढत राहायचे आणि खालच्या जबड्याला त्या सुळ्यांसाठी म्यानासारखी हाडाची झालर. आणि उत्तर अमेरिकेत खऱ्या मांजरांच्याही आधी निम्राविड नावाचे मांजरासारखे प्राणी होते, तेही लांब सुळ्यांचे, तेही मांजर नव्हेत. आपल्याकडे एका आडनावाची दोन घरं असतात आणि दोघांचं कुलदैवत वेगळं निघतं, नातं काही नसतं, तसं. सुळा सारखा म्हणून भावकी सारखी नाही. मोठं जनावर दाबून धरून त्याचा गळा झटक्यात चिरायचा, ही कामाची गरज एकच होती आणि म्हणून वेगवेगळ्या खंडांवर, वेगवेगळ्या घराण्यांत तेच हत्यार पुन्हा पुन्हा तयार झालं. हे एवढं समजलं ना की मग बाकी सनावळ्या आणि नावं विसरलीस तरी चालेल.

प्रश्न : एवढे दात तोंडाबाहेर असताना ती मांजरं खायची कशी? आम्हाला साधी सुरमईची तुकडी तोंडात मोठी होते.
— एक गृहिणी, गुहागर

काकू, तुम्ही रोज मासळी कापता त्यामुळे तुम्हाला हे माझ्यापेक्षा पटकन कळेल. माझ्याकडे स्मायलोडॉनच्या सुळ्याची प्लास्टरची प्रतिकृती आहे, शाळेत मुलांना दाखवायला घेतली होती. ती हातात घेतली की पहिलं लक्षात येतं की हा दात भोसकायच्या भाल्यासारखा गोल नाहीच, विळीच्या पात्यासारखा आहे. (मालवणाकडे आडाळो म्हणतात ना, त्याचं पातं आठवा.) समोरून बघितलात तर अरुंद, बाजूने बघितलात तर रुंद, आतल्या बाजूला वाक. असं पातं मऊ मांसात सहज जातं, पण आडवा झटका बसला किंवा हाडावर आपटलं तर मोडतं. विळीवर सुरमई कापताना मणका लागला की तुम्ही हात थांबवून जागा बदलता, अगदी तसंच त्या जनावराला सांभाळावं लागे.

म्हणून शिकार आधी खाली पाडायची आणि हलू द्यायची नाही. त्यासाठी पुढचे पाय. स्मायलोडॉनच्या पुढच्या पायांची हाडं बघितलीत तर अस्वलाची वाटावीत एवढी जाड. मागचे पाय आखूड, शेपूट तर बोटभरच म्हणा, म्हणजे चित्त्यासारखं पाठलाग करणारं हे जनावर नव्हे, दबा धरून अंगावर झेपावायचं आणि मिठीत दाबायचं. मग जबडा उघडायचा, सिंहाचा जबडा साधारण ६५ अंशांपर्यंत उघडतो, याचा शंभरच्याही बराच पुढे, कारण तेवढा उघडल्याशिवाय सुळ्याच्या टोकाखाली गळा मावणारच नाही. जबड्याची नुसती चावायची ताकद मात्र सिंहाच्या मानाने बरीच कमी होती, साधारण एक तृतीयांश. मग मानेच्या स्नायूंनी डोकं खाली ओढून सुळे आत घालायचे, की नळी आणि शिरा एकदम कापल्या जाव्यात. आपला बिबट्या गळा पकडून श्वास बंद होईपर्यंत लटकून राहतो, त्याला कितीतरी मिनिटं लागतात, इथे काम फार लवकर होत असणार.

आणि खाणं सुळ्यांनी नाहीच. गालाच्या आत, बाजूला, मांस कापायच्या दाढा असतात, वरची खालचीवर अडकित्त्यासारखी घासून जाते. तुमच्या मनीला बोंबील टाका आणि बघा, ती मान तिरकी करून तोंडाच्या बाजूनेच चावते. हीसुद्धा तसंच खायची. लांब सुळे बाजूला राहायचे.

फ्लोरिडात झेनोस्मिलस नावाचा आणखी एक सापडला, २००० साली त्याचं वर्णन झालं, त्याचे सुळे होमोथेरियमसारखे दातेरी आणि अंग स्मायलोडॉनसारखं दणकट, म्हणजे मी वर विळा आणि सुरी असे जे दोन गट पाडले ते याने मोडलेच. त्याच्या बरोबर डुकरासारख्या पेकरी नावाच्या प्राण्यांच्या हाडांचा ढीग होता.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एक जुना वाकडा सुळा सापडलाय, वीतभर नाही पण बोटापेक्षा मोठा, तीन कडा आहेत, पिवळट. हा सेबरटूथचा असू शकेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

तीन कडा लिहिल्यात आणि माझं काम सोपं केलंत. हा रानडुकराच्या खालच्या जबड्याचा सुळा. तो आडवा कापला तर त्रिकोणी दिसतो, आयुष्यभर वाढतो, आणि वरच्या सुळ्यावर घासून घासून टोकाला तिरकी धार येते, ती बघा आहे का. सुळेवाल्या मांजराचा दात असता तर आडवा छेद बदामासारखा लांबट निघाला असता. वाघ-बिबट्याचा असता तर जवळजवळ गोल.

एक कळकळीने सांगतो. आजोबांची आठवण आहे हे खरं, पण वन्यप्राण्यांचे दात, नखं, कातडी यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. जवळच्या वन विभागाच्या ऑफिसात जाऊन दाखवून घ्या, लपवून ठेवू नका, आणि कुणी विकत मागितला तर मुळीच देऊ नका.

प्रश्न : ह्यो सुळेवालो वाघ आमच्या हंय होतो काय? राजापूरच्या सड्यावर कातळशिल्पात एवढी जनावरां कोरलेली असत, तेंच्यात ह्यो पण असात मा?
— एक वाचक, राजापूर तालुका

दादा, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण सड्यावर उभं राहून कुणालाही हेच मनात येईल. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, आणि आज कोकणात जंगलात न दिसणारा गेंडाही कातळावर आहे, मग हाही का नको?

काळ बघूया. आपली कातळशिल्पं काही हजार वर्षांपूर्वीची, अभ्यासक ती दहा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. सुळेवाल्या मांजरांचे शेवटचे वंशज तेवढ्या अलीकडच्या काळात जिथे होते ते अमेरिकेत. भारतात त्यांची हाडं मिळतात ती शिवालिकच्या टेकड्यांत, हिमालयाच्या पायथ्याशी, आणि ती लाखो वर्षं जुनी आहेत. तेव्हा शिल्पात शेपूटवालं, तोंड उघडलेलं जनावर दिसलं तर तो आपला वाघ किंवा बिबट्या समजावा.

शिवालिकची गोष्ट मात्र अभिमानाने सांगावी अशी आहे. ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली हे दोघे तिथे १८३० च्या दशकात हाडं गोळा करत होते, कॉटली तर कालव्यांचे इंजिनिअर. त्यांनी १८३६ मध्ये फेलिस क्रिस्टाटा म्हणून ज्या मांजराचं वर्णन केलं तोच आज डायनोफेलिस म्हणून ओळखला जातो. मेगँटेरिऑनही तिथे आहे. म्हणजे या घराण्याच्या अभ्यासात आपल्या मातीतली हाडं अगदी पहिल्या पिढीपासून आहेत.

मग कोकणात हाडं का नाहीत? दगडामुळे. आपल्या पायाखालचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तेव्हा मांजर नावाचा प्राणीच जन्मायचा होता. त्यावरचा जांभा म्हणजे तोच दगड लाखो पावसाळे खाऊन कुजलेला. हाड टिकायला ते लवकर गाळात पुरलं जावं लागतं आणि नंतर पाण्याने विरघळू नये लागतं, आणि आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, आम्लट तांबडी माती, जांभ्यातून पाणी नुसतं झिरपत असतं. तुमच्या परड्यात पुरलेल्या गुरांची हाडंसुद्धा काही वर्षांनी किती मऊ होतात ते तुम्हाला माहीत आहे. शिवालिकला उलट, हिमालयातून उतरणाऱ्या नद्या थरावर थर गाळ टाकत गेल्या आणि हाडं त्यात झाकली गेली. रत्नागिरीकडे काही ठिकाणी विहीर खणताना जांभ्याखाली काळी चिकणमाती आणि कोळशासारखं लाकूड लागतं, ते जुन्या जंगलाचं आहे. तसं काही तुमच्याकडे लागलं तर फोटो काढा, कुठल्या खोलीवर लागलं ते लिहून ठेवा आणि कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या सरांना कळवा.

प्रश्न : सुळे प्रमाणाबाहेर वाढले, तोंड उघडेना आणि त्यामुळे ही जात उपाशी मेली, हे खरं ना? आमच्या सरांनी तसं शिकवलं होतं.
— एक निवृत्त पोस्टमास्तर, दापोली

साहेब, पूर्वी असं खरोखरच समजत होते, सरांनी त्या वेळचं ज्ञान दिलं. पण ते चूक होतं. नुसता स्मायलोडॉन पंचवीस लाख वर्षं टिकला आणि या घराण्याने एक कोटीहून जास्त वर्षं काढली. ज्याचं हत्यार बिनकामाचं आहे तो एवढा टिकत नाही.

लॉस एंजेलिस शहरात ला ब्रिया म्हणून जागा आहे, जमिनीतून डांबर वर येतं. त्यात फसलेल्या प्राण्यांत दोन हजारांहून जास्त स्मायलोडॉन मिळाले आहेत, हाडं डांबराने काळपट तपकिरी झालेली. त्यातल्या कित्येक हाडांवर मोडून परत जुळल्याच्या खुणा आहेत. एका स्मायलोडॉनच्या खुब्याचा सांधा लहानपणापासूनच बिघडलेला होता, धड शिकार करता येणं शक्य नव्हतं, तरी तो मोठा होईपर्यंत जगला. कुणीतरी त्याला खाऊ दिलं असणार किंवा शिकारीजवळ बसू दिलं असणार, एवढं तरी त्यावरून म्हणता येतं आणि मला तरी ते वाचून गलबलून आलं.

मग गेली कशाने? मोठं भक्ष्य संपलं. हिमयुगाच्या शेवटी मॅमथ, अमेरिकेतले घोडे, उंट, जमिनीवरचे अजस्र स्लॉथ (झाडपाला खाणारे संथ प्राणी) हे सगळे थोड्या काळात नाहीसे झाले. ला ब्रियाच्या परिसरात तेरा हजार वर्षांपूर्वीच्या आसपास हवा तापत आणि कोरडी होत गेली, माणसं आली, आणि वणवे फार वाढले, हे तिथल्या गाळातल्या कोळशावरून दिसतं. तिथेच प्यूमा हे मोठं मांजर आणि कोयोट हा कोल्ह्यासारखा प्राणी वाचले, कारण ते मिळेल ते खातात. आपला बिबट्या असाच, डुक्कर नसेल तर कुत्रं, कुत्रं नसेल तर कोंबडी, काही नाही तर उंदीर-खेकडेसुद्धा. स्मायलोडॉनला ती मुभा नव्हती, त्याचं सगळं शरीर मोठ्या जनावरासाठी घडलेलं होतं. शेवटचे स्मायलोडॉन दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत होते, म्हणजे जगात कुठे कुठे शेती सुरू होत होती तेव्हा.

प्रश्न : माझे दुधाचे दात पडतायत. त्या मांजराच्या पिल्लाचे पण दुधाचे दात पडायचे का? आणि त्याला केस होते का, कुणी बघितलेत?
— इयत्ता दुसरी, वेंगुर्ला

हो बाळा, त्याचेही दुधाचे दात असायचे, आणि दुधाचे सुळेसुद्धा लांबच होते. पण तुझा दात आधी पडतो, मग कितीतरी दिवस तिथे भोक राहतं आणि मग नवा येतो. स्मायलोडॉनच्या पिल्लाचं तसं नव्हतं. त्याचा नवा सुळा दुधाच्या सुळ्याच्या शेजारूनच बाहेर यायचा आणि बरेच महिने दोन्ही सुळे एकाला एक लागून असायचे. नवा सुळा महिन्याला सुमारे सहा मिलिमीटर वाढायचा, पट्टीवर बघ बरं सहा मिलिमीटर किती होतात, आणि पुरता वाढायला जवळजवळ तीन वर्षं लागायची. एवढा लांब नवा दात मोडू नये म्हणून जुना त्याला टेकू देत असावा. आईने टोमॅटोच्या रोपाला काठी लावलेली असते ना, तशी.

आणि केस बघितलेत! रशियात याकुतिया म्हणून फार थंड जागा आहे, तिथली जमीन आत कायम गोठलेली असते. तिथे बद्यारिखा नदीच्या काठी २०२० मध्ये होमोथेरियमचं एक पिल्लू मिळालं, पस्तीस हजार वर्षांहून जुनं, आणि ते होतं फक्त तीन आठवड्यांचं. त्याचं डोकं, पुढचे पाय आणि छातीचा भाग तसाच्या तसा राहिलाय. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन छापलं. अंगावर गडद तपकिरी, दाट, मऊ केस आहेत. कान छोटे. मान त्याच वयाच्या सिंहाच्या पिल्लापेक्षा दुपटीहून जाड. आणि पंजे रुंद, गोल, बर्फात रुतू नये असे, त्यांना नखंसुद्धा आहेत.